युद्धाचा खर्च कोणाच्या ताटातून?

मानेसर : दिल्ली-जयपूर महामार्गावर, अरवलीच्या उघड्याबोडक्या टेकड्यांच्या पायथ्याशी वसलेल्या मानेसरचे नाव मराठी वाचकांच्या कानी पडले ते नोव्हेंबर २००८ मध्ये. मुंबईवरील दहशतवादी हल्ल्याच्या त्या रात्री राष्ट्रीय सुरक्षा रक्षक दलाचे, म्हणजे एनएसजीचे, कमांडो येथील तळावरून निघाले होते. याच परिसरात मोटारी आणि त्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांची मोठी औद्योगिक वसाहत आहे. एका गावाच्या शिवारात राज्यसंस्थेची दोन रूपे अशी शेजारी नांदतात : एक संरक्षणाचे, दुसरे विकासाचे. दोहोंखालची जमीन एके काळी शेतकऱ्यांच्या नांगराखाली होती.

या टापूचे युद्धाशी असलेले नाते मात्र कमांडोंच्या तळापेक्षा जुने आहे. गुडगाव, रेवाडी, महेंद्रगड हा प्रदेश अहीरवाल म्हणून ओळखला जातो. १८ नोव्हेंबर १९६२ रोजी लडाखमधील रेझांग ला येथे मेजर शैतानसिंह यांच्या नेतृत्वाखाली लढलेल्या १३ कुमाऊँच्या तुकडीतील जवान प्रामुख्याने याच भागातील अहीर कुटुंबांतले होते. शंभराहून अधिक जवान तेथे धारातीर्थी पडले. त्याच आठवड्यात चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली आणि त्याच आठवड्यात महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण दिल्लीत संरक्षणमंत्री झाले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असे महाराष्ट्राने तेव्हा अभिमानाने म्हटले.

अभिमानाच्या या वाक्यात एक प्रश्न मात्र दडून राहिला. सह्याद्रीच्या कुशीत जी सामाजिक आणि आर्थिक सुधारणांची कामे नुकतीच हाती घेतली गेली होती, त्यांचे युद्धाच्या छायेत काय होणार होते? हा प्रश्न एकट्या महाराष्ट्राचा किंवा एकट्या भारताचा नव्हता. त्याच दशकात जगातील सर्वांत श्रीमंत लोकशाहीपुढे तो अधिक भेदक स्वरूपात उभा ठाकला आणि एका पराक्रमी अध्यक्षाची कारकीर्द त्याने गिळून टाकली.

वॉशिंग्टनचे दोन मराठी पाहुणे

या दोन कहाण्यांना जोडणारा धागा दोन मराठी नेत्यांच्या वॉशिंग्टन भेटींमध्ये सापडतो. पहिले स. का. पाटील. मुंबईचे तीन वेळा महापौर राहिलेले आणि काँग्रेसच्या मुंबई संघटनेवर वर्षानुवर्षे पकड ठेवून असलेले पाटील १९६० मध्ये केंद्रात अन्नमंत्री होते. त्या वर्षी ४ मे रोजी अध्यक्ष आयझेनहॉवर यांच्यासमवेत त्यांनी पीएल-४८० कायद्याखालील मोठ्या करारावर स्वाक्षरी केली. चार वर्षांत १ कोटी ७० लाख टन धान्य, त्यातील बहुतांश गहू, भारताला मिळणार होते आणि त्याची किंमत रुपयांत चुकवायची होती. परकीय चलनाच्या टंचाईने गांजलेल्या देशाला हा दिलासा वाटला. देशांतर्गत शेतीकडे दुर्लक्ष करण्याची सवय त्यातून लागत आहे, हे पुढे जाणवले.

दुसरे यशवंतराव चव्हाण. मे १९६४ मध्ये ते संरक्षणमंत्री या नात्याने अमेरिकेत होते. पाच वर्षांची संरक्षण योजना त्यांनी आखली होती. सव्वाआठ लाखांचे भूदल आणि ४५ तुकड्यांचे हवाई दल हे तिचे उद्दिष्ट होते. पाकिस्तानला अमेरिकेने दिलेली एफ-१०४ जातीची लढाऊ विमाने भारतालाही मिळावीत, अशी अपेक्षा होती. ती पुरी झाली नाही. हा दौरा चालू असतानाच २७ मे रोजी पंडित नेहरूंचे निधन झाले. त्यानंतर ऑगस्टअखेरीस चव्हाण मॉस्कोला गेले आणि भारताच्या शस्त्रखरेदीची दिशा निर्णायकपणे तिकडे वळली. पुढे चव्हाण ज्या नाशिकचे लोकसभेत प्रतिनिधित्व करत होते, त्याच नाशिकजवळ ओझर येथे मिग विमानांचा कारखाना उभा राहिला.

एक मराठी नेता अमेरिकेकडे धान्यासाठी गेला आणि दुसरा शस्त्रांसाठी. अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत 'तोफा की लोणी' असा जो पेच शिकवला जातो, तो भारताच्या बाबतीत 'तोफा आणि भाकरी' असा होता. आणि दोन्हींसाठी दार एकाच घराचे ठोठवावे लागत होते. चव्हाण तेथे पोहोचले तेव्हा त्या घराचा यजमान स्वतःच या पेचात शिरू लागला होता.

जॉन्सन यांचा दुहेरी डाव

जॉन केनेडी यांच्या हत्येनंतर २२ नोव्हेंबर १९६३ रोजी लिंडन जॉन्सन अध्यक्ष झाले. टेक्ससच्या कोरडवाहू, गरीब भागातून आलेला हा नेता सिनेटच्या राजकारणात मुरलेला होता. ८ जानेवारी १९६४ च्या भाषणात त्यांनी दारिद्र्याविरुद्ध युद्ध पुकारले. २२ मे रोजी मिशिगन विद्यापीठात त्यांनी 'महान समाजा'ची कल्पना मांडली. २ जुलै रोजी नागरी हक्क कायद्यावर त्यांची स्वाक्षरी झाली. सार्वजनिक ठिकाणी आणि नोकरीत वर्णभेद करणे बेकायदा ठरवणारा हा कायदा दक्षिणेतील सिनेटरांचा प्रदीर्घ अडथळा मोडून काढून संमत झाला होता. नोव्हेंबरच्या निवडणुकीत ६१ टक्के मते मिळवून जॉन्सन यांनी बॅरी गोल्डवॉटर यांचा धुव्वा उडवला.

पुढचे १९६५ हे वर्ष अमेरिकी संसदीय इतिहासात अपवादात्मक ठरले. एप्रिलमध्ये शालेय शिक्षणाला संघराज्याची मदत देणारा कायदा झाला. ३० जुलै रोजी वृद्धांसाठी मेडिकेअर आणि गरिबांसाठी मेडिकेड या योजना अस्तित्वात आल्या. ६ ऑगस्ट रोजी मताधिकार कायदा झाला. ३ ऑक्टोबर रोजी स्थलांतर कायद्यात मूलभूत बदल होऊन राष्ट्रीयत्वानुसार ठरणारा जुना कोटा मोडीत निघाला. पुण्या-मुंबईचे, नागपूरचे जे अभियंते आणि डॉक्टर पुढील दशकांत न्यू जर्सीपासून कॅलिफोर्नियापर्यंत स्थायिक झाले आणि ज्यांनी तेथे महाराष्ट्र मंडळे उभारली, त्यांच्यासाठी दार उघडले ते या कायद्याने. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी तापलेल्या वातावरणाचा लाभ मराठी मध्यमवर्गाला असा मिळाला, याची आठवण क्वचितच ठेवली जाते.

मात्र हीच वर्षे व्हिएतनामचीही होती. ७ ऑगस्ट १९६४ रोजी टोंकिनच्या आखातातील कथित हल्ल्यांनंतर अमेरिकी संसदेने अध्यक्षांना लष्करी कारवाईची मुभा देणारा ठराव केला. प्रतिनिधिगृहात विरोधात एकही मत पडले नाही. सिनेटमध्ये फक्त वेन मोर्स आणि अर्नेस्ट ग्रूनिंग या दोघांनी विरोध केला. मार्च १९६५ पासून उत्तर व्हिएतनामवर सातत्याने बॉम्बफेक सुरू झाली. मेडिकेअरवर स्वाक्षरी होण्याच्या अवघे दोन दिवस आधी, २८ जुलै रोजी, व्हिएतनाममधील सैन्य ७५ हजारांवरून सव्वा लाखावर नेण्याची घोषणा जॉन्सन यांनी केली. १९६८ मध्ये ही संख्या पाच लाखांपलीकडे गेली.

येथे जॉन्सन यांनी जो डाव टाकला, तोच त्यांच्या अंगाशी आला. युद्धाचा खरा खर्च संसदेपुढे ठेवला, तर परंपरावादी सदस्य त्याचा आधार घेऊन सामाजिक योजनांना कात्री लावतील, अशी त्यांना भीती होती. ही भीती निराधार नव्हती. म्हणून करवाढ करा, हा आर्थिक सल्लागारांनी १९६५ च्या अखेरीस दिलेला सल्ला त्यांनी बाजूला ठेवला. तोफा आणि लोणी दोन्ही परवडतील, असे देशाला सांगितले गेले. युद्धावरील खर्च वर्षाला २० अब्ज डॉलरच्या पुढे गेला, तर दारिद्र्यनिर्मूलनासाठी नेमलेल्या आर्थिक संधी कार्यालयाची वार्षिक तरतूद दोन अब्जांच्या आतच घुटमळत राहिली. महागाई वाढली. अखेर करवाढ मागण्याची वेळ आली तेव्हा प्रतिनिधिगृहातील अर्थसमितीचे अध्यक्ष विल्बर मिल्स यांनी खर्चकपातीची अट घातली. जून १९६८ मध्ये दहा टक्के अधिभार संमत झाला, पण त्यासोबत सहा अब्ज डॉलरची कपातही आली. जे टाळण्यासाठी तीन वर्षे हिशेब झाकून ठेवला, तेच अधिक कठोर रूपात पदरी पडले.

तोवर राजकीय भांडवलही आटले होते. १९६६ च्या मध्यावधी निवडणुकीत डेमोक्रॅटिक पक्षाने प्रतिनिधिगृहातील ४७ जागा गमावल्या. ४ एप्रिल १९६७ रोजी मार्टिन ल्यूथर किंग यांनी न्यूयॉर्कच्या रिव्हरसाइड चर्चमधून युद्धाला जाहीर विरोध केला. गरिबांसाठीचा पैसा युद्ध शोषून घेत आहे आणि त्या युद्धात मरायलाही गरिबांचीच मुले जात आहेत, हा त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा होता. ज्या अध्यक्षाने नागरी हक्कांचे कायदे केले, त्याच्यापासून त्या चळवळीचा सर्वोच्च नेता असा दुरावला. ३१ मार्च १९६८ रोजी जॉन्सन यांनी पुन्हा उमेदवारी स्वीकारणार नसल्याचे जाहीर केले. चार दिवसांनी किंग यांची हत्या झाली.

दिल्लीतील १९६३

भारताने काय केले? येथील चित्र वेगळे होते आणि ते आज विस्मरणात गेले आहे. चीनचे आक्रमण चालू असतानाच ८ नोव्हेंबर १९६२ रोजी संसदेचे अधिवेशन मुदतीपूर्वी बोलावले गेले. लोकसभेत आठवडाभर चर्चा चालली आणि दीडशेहून अधिक सदस्य बोलले. पुढे २ सप्टेंबर १९६३ रोजी चव्हाण यांनी पराभवाच्या चौकशीतील निष्कर्षांबाबत लोकसभेत निवेदन केले. मूळ अहवाल मात्र गोपनीयच राहिला.

खर्चाच्या बाबतीत तर आडपडदा ठेवण्याची सोयच नव्हती. फेब्रुवारी १९६३ मध्ये मोरारजी देसाई यांनी सादर केलेल्या अर्थसंकल्पात संरक्षणासाठी ८६७ कोटी रुपयांची तरतूद होती. आधीच्या वर्षीच्या मूळ तरतुदीच्या ती दुपटीहून अधिक होती. त्यासाठी प्राप्तिकरावर अधिभार, कंपन्यांवर अतिनफा कर आणि सक्तीची ठेव योजना आली. जानेवारीतच सुवर्ण नियंत्रण लागू झाले होते. चौदा कॅरटहून शुद्ध सोन्याचे दागिने घडवण्यावर बंदी आल्याने गावोगावचे सोनार बेकार झाले.

जॉन्सन यांनी जे तीन वर्षे टाळले, ते मोरारजींनी तीन महिन्यांत केले. परंतु हिशेब उघड असला म्हणून तो न्याय्य असतोच असे नाही. सक्तीच्या ठेवीचा भार लहान पगारदार आणि शेतसारा भरणारा शेतकरी यांच्यावरही पडला. त्याची प्रतिक्रिया पोटनिवडणुकांत उमटली. आचार्य कृपलानी, राममनोहर लोहिया आणि मिनू मसानी हे तिघे लोकसभेत निवडून आले. ऑगस्ट १९६३ मध्ये कृपलानींनी नेहरू सरकारविरुद्ध स्वतंत्र भारतातील पहिला अविश्वासाचा ठराव मांडला. तो ६२ विरुद्ध ३४७ मतांनी फेटाळला गेला. पण त्याच चर्चेत लोहियांनी देशातील २७ कोटी लोक दिवसाला तीन आण्यांवर गुजराण करतात, असे सांगून सरकारला आकडेवारीच्या आखाड्यात ओढले. नेहरूंनी हा आकडा पंधरा आणे असल्याचे प्रतिपादले. गरिबाच्या रोजच्या मिळकतीवर भारताच्या संसदेत एवढा तपशीलवार वाद झडला, तो युद्धखर्चाच्या ओझ्याखाली. त्याच महिन्यात कामराज योजनेखाली मोरारजी आणि स. का. पाटील मंत्रिमंडळाबाहेर पडले. सक्तीची ठेव बऱ्याच अंशी मागे घेण्यात आली.

धान्याची आखूड दोरी

सप्टेंबर १९६५ च्या भारत-पाक युद्धात अमेरिकेने दोन्ही देशांची लष्करी मदत थांबवली. धान्याबाबत जॉन्सन यांनी अधिक सूक्ष्म नीती अवलंबली. दीर्घ मुदतीचे करार बंद करून महिना-दोन महिन्यांपुरतेच धान्य सोडायचे आणि दोरी आखूड ठेवायची. भारताने शेतीत गुंतवणूक वाढवावी, हा त्यामागील एक हेतू होता. व्हिएतनामवरील बॉम्बफेकीबद्दल भारताने व्यक्त केलेली नापसंती वॉशिंग्टनला खुपत होती, हेही तितकेच खरे.

१९६४-६५ मध्ये ८ कोटी ९० लाख टन असलेले धान्योत्पादन दुष्काळामुळे पुढील वर्षी सुमारे ७ कोटी २० लाख टनांवर घसरले. १९६६ मध्ये सुमारे एक कोटी टन धान्य आयात करावे लागले. जूनमध्ये रुपयाचे अवमूल्यन झाले. चौथी पंचवार्षिक योजना एप्रिल १९६६ ऐवजी १९६९ मध्ये सुरू झाली. दोन युद्धे आणि दोन दुष्काळ यांनी मिळून नियोजनाला तीन वर्षांची सुट्टी दिली. १९६७ च्या निवडणुकीत काँग्रेसच्या लोकसभेतील जागा ३६१ वरून २८३ वर आल्या. दक्षिण मुंबईत जॉर्ज फर्नांडिस यांनी स. का. पाटील यांना पराभूत केले. वॉशिंग्टनहून विक्रमी धान्य करार घेऊन आलेला नेता महागाईने त्रासलेल्या शहरातच हरला.

कोणत्या सुधारणा तगल्या?

युद्ध सुधारणांना मारते, हा निष्कर्ष यावरून सहज काढता येईल. पण तो पुरता खरा नाही. जॉन्सन यांच्या योजनांपैकी कोणत्या तगल्या आणि कोणत्या कोमेजल्या, याचा ताळा करून पाहण्याजोगा आहे. मेडिकेअरच्या रुग्णालय-विम्यासाठी वेतनातून स्वतंत्र कर कापला जाई आणि तो वेगळ्या निधीत जमा होई. वार्षिक अर्थसंकल्पातील रस्सीखेचीपासून ती योजना सुरक्षित राहिली आणि आजही चालू आहे. तिच्यासाठी पात्र ठरायचे तर वर्णभेद सोडावा लागेल, या अटीने दक्षिणेतील रुग्णालयांचे दरवाजेही १९६६ मध्ये कृष्णवर्णीयांना खुले झाले. याउलट आर्थिक संधी कार्यालय दरवर्षीच्या तरतुदीवर अवलंबून होते. पुढील दशकातच ते मोडीत निघाले. मताधिकार कायद्याला फारसा पैसा लागत नव्हता. युद्धाने त्याला धक्का लावला नाही. त्यातील महत्त्वाच्या तरतुदीची धार बोथट झाली ती २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने.

महाराष्ट्राचा अनुभवही याच दिशेने बोट दाखवतो. चव्हाण दिल्लीला गेले तेव्हा शेतजमीन कमाल धारणेचा कायदा आणि जिल्हा परिषदा व पंचायत समित्यांचा कायदा हे दोन्ही अंमलात आले होते. आर्थिकदृष्ट्या मागासांना शिक्षण शुल्कातील सवलत आणि नवबौद्धांना राज्याच्या सवलती मिळू लागल्या होत्या. मारोतराव कन्नमवार आणि वसंतराव नाईक यांच्या कारकिर्दीत ही चौकट टिकली, कारण ती नेत्याच्या घोषणेवर नव्हे, तर कायद्यावर आणि स्थानिक संस्थांवर उभी होती.

आणखी बोलके उदाहरण रोजगार हमीचे. १९७१ मध्ये बांगलादेश युद्धाच्या काळात अर्थमंत्री चव्हाणच होते. सुमारे एक कोटी निर्वासितांचा भार देशावर होता. त्या वर्षी नोव्हेंबरपासून टपालावर पाच पैशांचे जादा शरणार्थी साहाय्य तिकीट लावावे लागे. युद्धाचा खर्च असा प्रत्येक पत्रावर चिकटलेला दिसत होता. लगेच महाराष्ट्रात भीषण दुष्काळ पडला. शिधावाटप दुकानांतील लाल मिलो आणि दुष्काळी कामांवरची सुकडी त्या पिढीच्या आजही स्मरणात आहे. केंद्राची तिजोरी ओढग्रस्त असताना वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी योजना राज्याने पुढे नेली आणि तिच्यासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर लावला. शहरातील नोकरदाराच्या पगारातून कापलेली रक्कम आणि तितकाच राज्याचा वाटा, यांतून खेड्यातील मजुराचे काम उभे राहिले. तो निधी पूर्णपणे त्याच कामी लागत नाही, अशा तक्रारी पुढे झाल्या. तरीही योजना तगली आणि २००५ मध्ये संसदेने केलेल्या राष्ट्रीय कायद्याला तिचाच आदर्श होता.

संसदेसमोरचा प्रश्न

या इतिहासाचा आजच्या राजधानीशी संबंध काय? २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात संरक्षणासाठी ६ लाख ८१ हजार कोटी रुपयांची तरतूद करण्यात आली. त्यातील मोठा वाटा वेतन आणि निवृत्तिवेतनाचा आहे. म्हणजे संरक्षणखर्च आणि समाजकल्याण यांची सीमारेषा अहीरवालसारख्या भागात एकाच घरातून जाते. २०२२ मध्ये मानेसरजवळच्या खेडकी दौला येथे अहीर रेजिमेंटच्या मागणीसाठी दीर्घकाळ धरणे चालले. त्याच वर्षी चार वर्षांच्या भरतीची अग्निपथ योजना जाहीर होताच हरियाणात तरुण रस्त्यावर उतरले. त्यांच्या दृष्टीने सैन्याची नोकरी ही देशसेवेइतकीच कुटुंबाची सामाजिक सुरक्षा होती. तिच्या अटी बदलताना दिलेली कारणे तरुण सैन्याची होती. निवृत्तिवेतनाच्या वाढत्या भाराची चर्चा मात्र बाहेर अधिक आणि सभागृहात कमी झाली.

खरी चिंता येथे आहे. २०१८ आणि २०२३ मध्ये लोकसभेत सर्व मंत्रालयांच्या अनुदान मागण्या चर्चेविना, एकत्रितपणे मतास टाकून संमत झाल्या. संरक्षणाच्या आणि ग्रामविकासाच्या मागण्याही त्यात होत्या. गोंधळाला विरोधक जबाबदार की सरकार, हा वाद चालू राहील. पण आक्रमक शत्रू सीमेवर असताना दीडशेहून अधिक सदस्यांना बोलू देणाऱ्या आणि तीन आणे की पंधरा आणे यावर भांडणाऱ्या सभागृहाशी तुलना केली, तर उणीव डोळ्यांत भरते.

जॉन्सन यांना शस्त्रांची कमतरता नव्हती, पैशाची नव्हती आणि सुरुवातीला बहुमताचीही नव्हती. सुधारणा वाचवण्यासाठी युद्धाचा हिशेब झाकला आणि त्यामुळे दोन्हींवरचा विश्वास गेला, ही त्यांची शोकांतिका. मोरारजींनी हिशेब उघड केला, पण ओझे वाटताना दुबळ्यांचा विचार पुरेसा झाला नाही आणि त्याची किंमत सत्ताधारी पक्षाने मतपेटीत मोजली. खर्च उघड असावा आणि त्याची वाटणी न्याय्य असावी, या दोन्ही कसोट्यांवर सरकारला उभे करण्याची जागा संसदच आहे. संरक्षणाचा रुपया आणि रोजगाराचा रुपया एकाच तिजोरीतून निघतात. त्यांची वाटणी बोलून ठरवायची की न बोलता, हे पुढील अर्थसंकल्पी अधिवेशनात दोन्ही बाकांवरील सदस्यांना ठरवावे लागेल.